भांडं धरणारं माणूस

कारखान्यात त्यांना सगळे सायबुवा म्हणत, तेही तोंडावर. उभा जन्म दुधातून साय वेगळी काढणारी यंत्रं आखण्यात घालवलेल्या माणसाला याहून बरं नाव कुठून मिळणार?

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. पोलादी भांडं मिनिटाला सात हजार फेरे घेतं, जड दूध कडेला पळतं, हलकी साय मध्ये राहते. आत ऐंशी पातळ तबकड्या, एकीवर एक, मधली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी. तत्त्व तेवढं सोपं, बाकी सगळी डोकेदुखी. त्यातली सगळ्यात जुनी डोकेदुखी म्हणजे भांड्याचा वरचा नट. रोज भांडं उघडायचं, तबकड्या धुवायच्या, क्रमानं लावायच्या आणि नट आवळायचा. एकानं पाना ओढायचा, दुसऱ्यानं भांडं धरायचं. नाहीतर पान्याबरोबर भांडंही फिरतं आणि आवळणारा त्याच्यामागे.

कंपनीनं नव्या यंत्राला दोन अटी घातल्या होत्या. साय काढलेल्या दुधात फॅट शून्य पूर्णांक शून्य पाच टक्क्यांच्या वर राहता कामा नये, आणि सगळं काम एकट्या माणसाला जमलं पाहिजे. दोन्ही साधलं तर यंत्र बाजारात, नाहीतर आराखडे माळ्यावर. सायबुवांची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती आणि सहा वर्षं त्यांनी दुसरं काहीही केलं नव्हतं.

दुसऱ्या अटीचं उत्तर त्यांना घरी सापडलं होतं. सहा वर्षांपूर्वी बायको गेली. पहिल्याच आठवड्यात धुतलेल्या चादरीची घडी घालायला घेतली, तेव्हा त्यांना कळलं की चादरीला कोपरे चार आणि आपल्याला हात दोनच. मग त्यांनी भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या. दोन टोकं तिथं अडकवायची, दोन आपण धरायची. बरणीचं घट्ट झाकण उघडायला ओट्याच्या कडेला खाच केली. पाठीला मलम लावायला लाकडी उलथनं घेतलं. ‘माझं कुणावाचून अडत नाही,’ असं ते मोठ्यानं म्हणत. ऐकायला घरात कुणी नसे, ती गोष्ट वेगळी. तीच खुंटी त्यांनी पोलादात उतरवली. यंत्राच्या बैठकीतून वर येऊन ती भांड्याच्या खाचेत बसायची आणि दुसऱ्या माणसाऐवजी भांडं धरून ठेवायची.

चाचणीसाठी एक छोटी डेअरी मिळाली. दोघे भाऊ पहाटे गाडी घेऊन दूध गोळा करायला जात, आणि आतलं काम त्यांच्या बायका बघत. यंत्र पसंत पडल्याच्या कागदावर या दोघी जावांच्या सह्या हव्या होत्या. महिना भरल्यावर सायबुवा सकाळीच तिथं पोचले. नमुना त्यांनी स्वतः तपासला. शून्य पूर्णांक शून्य चार! मनातल्या मनात त्यांनी एक उडी मारली.

धाकटीनं वाचायच्या आधीच सही ठोकली. “छान आहे हो यंत्र. माझी पाळी असली की अर्ध्या तासात मी मोकळी,” असं म्हणून ती बाटल्या भरायला पलीकडच्या खोलीत गेली.

थोरलीनं कागद उचलला आणि परत टेबलावर ठेवला. “हे घेऊन जा. आमचं जुनं बसवून द्या.”

“का? काय बिघडलं?”

“बिघडतच नाही काही.” तिनं दाराकडं बघून आवाज उतरवला. “दोन वर्षं झाली, आमचा अबोला आहे. तिची लेक शिकायला लांब गेली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की आता ही काही परत यायची नाही. आणि ती खरंच आली नाही. तेव्हापासून माझ्याशी शब्द नाही.”

“मग त्याचा इथं काय संबंध?”

“नट आवळताना बोलावंच लागायचं ना! मी म्हणायचे, धर. ती म्हणायची, धरलंय. कधी म्हणायची, हात सांभाळा. दिवसाला तीन-चार शब्द व्हायचे. तुमचं यंत्र आलं नि तेही बंद. आता एक दिवस ती धुते, एक दिवस मी. महिन्यानं तिचा आवाज ऐकला, तोही तुमच्याशी बोलताना.”

सायबुवांचं टाळकं सरकलं. “अहो, सहा वर्षं घातलीत मी यात! बोलायचंय तर बोला की सरळ, तोंड आहे ना?”

“तोंड आहे हो. निमित्त नाही.”

तिनं भांड्याखालच्या खुंटीला बोट लावलं आणि विचारलं, “ही खुंटी सुचली कशी तुम्हाला?”

सायबुवांनी चादरीची गोष्ट सांगितली. आजवर ती कुणाला सांगायचा प्रसंगच आला नव्हता. सुरुवात त्यांनी मोठ्या ऐटीत केली. उलथन्यापर्यंत आले आणि ऐट उतरली. मग थोरलीनं कागद पुढं ओढला आणि पेन उघडलं.

“आणा, करते सही. तुमचीही सहा वर्षं आहेत. आमचं काय, चाललंय तसं चालेल.”

सायबुवांनी कागद तिच्या हाताखालून काढून घेतला. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त बायकोची आठवण आली. आपण एकटे पडलो ते पडलो, वर तोच एकटेपणा गावोगाव पोचवायला निघालो होतो, आणि तोही हमीपत्रासकट!

त्यांनी पिशवीतून पाना काढला. दोन बोल्ट सोडले, बैठकीतली खुंटी उपसली आणि खिशात टाकली.

“आता आवळून बघा.”

थोरलीनं पाना ओढला. भांडं त्याच्याबरोबर फिरलं. तिनं पुन्हा ओढला, पुन्हा फिरलं. तिनं सायबुवांकडं बघितलं. ते भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभे होते. शेवटी तिनं दाराकडं तोंड केलं.

“अगं, जरा धर गं.”

बाटल्यांचा आवाज थांबला. धाकटी पदराला हात पुसत आली आणि कुणाकडंही न बघता दोन्ही हातांनी भांडं घट्ट धरलं.

“धरलंय.”

नट फिरू लागला. “हात सांभाळा, जाऊबाई,” धाकटी म्हणाली. “पाना निसटतोय.”

सायबुवा अंगणात आले. तेवढ्यात मुख्य साहेबांचा फोन आला.

“काय सायबुवा, फॅट किती?”

“शून्य पूर्णांक शून्य चार.”

“वा! आणि एकट्या माणसाला जमतंय ना सगळं?”

आत दोघी काहीतरी बोलत होत्या. शब्द कळत नव्हते, पण चारांहून नक्कीच जास्त होते.

“नाही साहेब,” सायबुवा म्हणाले. “सहा वर्षं करून बघितलं. एकट्याला नाही जमत.”