सुट्टी बुडवणारा आकडा

तैपेईत वादळ येणार म्हटलं की लोक आधी भाजी भरून ठेवतात आणि मग सुट्टीची वाट बघत बसतात. जोरदार वाऱ्याचा घेर शहराला टेकणार असेल तर महापौर सुट्टी देतात, नसेल तर शिव्या खातात. हवामान खात्यात हा घेर मोजणाऱ्यांत मी एक. म्हणून त्या दिवशी नाश्त्याच्या गाडीवरच्या मावशींनी माझ्या अंड्याच्या पोळीत फुकट चीज घातलं.

"वान-रू, जरा मनावर घे गं!"

मला वेगळं सांगायला नकोच होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या मित्राची, जी-हंगची, आई यीलानहून मला सून म्हणून बघायला येणार होती, जेवायलाच. मला धड भातही शिजवता येत नाही. सुट्टी मिळाली की गाड्याही बंद! मी देव पाण्यात घालून बसले होते.

दुपारी उपग्रह वादळावरून गेला. त्याचं रडार समुद्रावर लहरी सोडतं. वाऱ्याने पाणी जितकं खरखरीत, तितक्या जास्त लहरी परत येतात आणि चित्रात तो भाग उजळतो. चित्र उघडलं आणि मी खुर्चीतच नाचले. आमच्या किनाऱ्यालगत लखलखीत पट्टा! घेर थेट शहरावर.

"सुट्टी!" मी ओरडले.

शेजारच्या टेबलावरचे क्वो साहेब चहातून मान वर न काढता म्हणाले, "पाऊस बघितलास?"

मेला पाऊसही पाणी खवळवतो. बघितला. पट्ट्याच्या जागी नुसता धो धो पाऊस होता, आणि तिथल्या तरंगत्या यंत्राने वारा अगदीच मवाळ सांगितला.

"साहेब, 'शंका आहे' एवढंच लिहिलं तर?"

"तुला शंका आहे?"

नव्हती, तेच तर दुखणं होतं. मी घेर आत ओढला, आकडा पाठवला, आणि संध्याकाळी सुट्टी नाही असं जाहीर झाल्यावर चक्क रडले.

दुसऱ्या दिवशी डुकराचं मांस खालून करपलं, वरून कच्चं राहिलं. होणाऱ्या सासूबाई आल्या त्याच धुसफुसत.

"तीन मैत्रिणी सुट्टी धरून माझ्याकडे माजोंगचा डाव खेळायला यायच्या होत्या. इथे यायचं टळेल म्हणून मीच बोलावलं होतं त्यांना! टीव्हीवर म्हणे, उपग्रहावरून कुणीतरी वारा कमी केला. कोण तो दीडशहाणा?"

जी-हंगने टेबलाखालून मला लाथ मारली. गप्प बस, असा त्याचा अर्थ. पण माझं तोंड सुटलंच.

"मीच ती."

त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "आकडा खरा होता?"

"हो."

"आणि तुला सुट्टी नको होती?"

"तुमच्याहून जास्त हवी होती हो! हे मांस बघताय ना?"

त्यांनी मांसाची ताटली स्वतःकडे ओढली. लग्न गेलंच म्हणून मी धरून चालले. मग त्यांनी करपलेल्यातला त्यातल्या त्यात बरा तुकडा शोधून माझ्या वाडग्यात ठेवला आणि मुलाकडे वळल्या.

"जी-हंग, तुझं काही खरं नाही बाबा. जी स्वतःलाच सोडत नाही, ती तुला काय सोडणार? तारीख काढ."

जी-हंगने पाय मागे घेतला.