धुण्याच्या खोलीचं कुलूप

जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारा तो कारखाना. पाणी वाचवल्याबद्दल त्याला पर्यावरणाचं बक्षीस मिळालं आणि मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर हिरव्या काचेची ढाल येऊन बसली. करामत साहेबांचीच! कामगारांचे कपडे धुण्याची खोली त्यांनी वर्षापूर्वी बंद केली, दारावर ‘कपडे घरी धुवा’ अशी पाटी लावली. झालं, पाणी वाचलं!

साहेब ढालीवरून फडकं फिरवत होते, तोच दारात वहिनी. साहेबांचा थोरला भाऊ तिथेच भट्टीवर होता. साहेबांनीच त्याला चिकटवलं होतं.

"या या वहिनी! तोंड गोड करा."

"चिमणीचे रिपोर्ट आलेत, भावजी."

चिमणी म्हणजे सहा वर्षांची पुतणी, काकाची भारी लाडकी. गेल्या वर्षी पन्नासपर्यंत आकडे घडाघडा म्हणायची, हल्ली बाराच्या पुढे अडायची. "आळशी झालीय लबाड," म्हणून साहेबच हसले होते.

"रक्तात शिसं निघालं. यांचे भट्टीवरचे कपडे मीच घरात झटकत होते. तिचे फ्रॉक त्याच बादलीत धूत होते. आणि हे आले की ती धावत जाऊन पायांना मिठी मारायची..."

"पण बरी होईल ना?"

"आणखी बिघडू नये एवढंच बघायचं, म्हणाले डॉक्टर. गेलं ते परत येईलच असं नाही."

साहेबांनी फडकं खाली ठेवलं. "वहिनी, मी तर पाणी वाचवत होतो हो!"

"कुठे वाचलं? माझ्या नळाचं गेलं की! तुमच्याकडे घाण पाणी गाळायची सोय होती, माझ्याकडे नुसती मोरी. तुमच्या कागदावरून उतरलं ते शिसं माझ्या लेकराच्या अंगात गेलं!"

अरेरे! एका पाटीनं केवढा घात केला! साहेबांनी स्वतःच्या हातांनी ती पाटी उखडली, कुलूप काढलं. सगळ्या कामगारांच्या मुलांची रक्ततपासणी लावली. खरं काय ते लिहून ढाल परत पाठवली.

संध्याकाळी भाऊ अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून घरी गेला. सोबत साहेबही. चिमणी दारातच थबकली. "आता बाबांना हात लावू?" तिनं आईला विचारलं. आईनं मान डोलावली तशी ती धावली.

मग काकाच्या मांडीवर बसून म्हणाली, "मोजून दाखवू? एक, दोन, तीन..."

बारा झाले. ती काकाच्या तोंडाकडे बघत राहिली. काकानं तिला कुशीत ओढलं. तो ढसाढसा रडला.

मंडळी, आपला कचरा दुसऱ्याच्या घरात लोटला म्हणजे आपलं अंगण स्वच्छ होत नाही. बचत मिरवण्याआधी एवढं विचाराच: तिची झळ कुणाच्या लेकराला लागतेय?