बाबलीला विचारायचं नाही

मी चौकस आहे असं लोक तोंडावर म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, कारण तेही मी चौकशी करूनच मिळवलं आहे. पलटणीत कारकुनी हवालदार होतो. निवृत्त झालो आणि आमच्या माजी सैनिक संघटनेच्या गोव्यातल्या पेडणे शाखेचं सचिवपद गळ्यात पडलं. शाखा म्हणजे बाजारामागची एक खोली, घडीच्या खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सभा भरते. सभेत पेन्शनवरून भांडण होतं आणि सभेनंतर उंडे म्हणजे आमचे गोल पाव, पातळभाजी आणि चहा. भांडणाला कमी आणि उंड्यांना जास्त माणसं येतात, हेही मी पाहून ठेवलं आहे.

आमच्यात एक रिवाज आहे. तो कुठल्या घटनेत लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. ज्याने लढाई पाहिली त्याला लढाईबद्दल विचारायचं नाही. आपणहून बोलला तर ऐकायचं. नाही बोलला तर चहा द्यायचा. माझ्यासारख्याला हा रिवाज पाळणं म्हणजे रोजचा उपास.

चौऱ्याण्णव सालची सुरुवात झाली ती आमच्या पांडुरंगच्या जाण्याने. सदस्य गेला की आम्ही छातीवर पदकं लावून, डोक्यावर बेरे टोप्या घालून स्मशानात रांगेत उभे राहतो, सलामी देतो आणि शेवटचा बिगूल वाजतो. बिगूल शाखेकडे आहे, चांगला चकचकीत. वाजवणारा मात्र कोणी नव्हता. म्हणून टेप लावायचो. कॅसेट सांभाळायचं काम शांतारामकडे. शांताराम फौजेत ट्रक चालवायचा, अजून जीप चालवतो, आणि बोलतोही पहिल्या गिअरमध्येच. त्या दिवशी आम्ही सलामीत हात उचलले, बिगुलाचे चार सूर लागले, आणि एकदम पखवाज दणाणला. मागोमाग संकासुराची आरोळी. शांतारामच्या घरच्या कोणीतरी जत्रेतला दशावतार त्याच कॅसेटवर भरून ठेवला होता. हात खाली घ्यायचा हुकूम कोणी देईना, त्यामुळे संकासूर मरेपर्यंत आम्ही सलामीतच. पांडुरंगला दशावताराचं वेड होतं, त्याला कदाचित आवडलंही असेल.

आमचे अध्यक्ष सुभेदार शिवदास परब यांना मात्र ते लागलं. सुभेदार म्हणजे पासष्ट आणि एकाहत्तर, दोन्ही लढाया अंगावर घेतलेला माणूस. त्यांच्या पोटात आजार निघाला होता, हे फक्त त्यांच्या घरी आणि मला माहीत होतं. मला कसं, ते विचारू नका. पुढच्या सभेत ते उठले आणि म्हणाले, "माझ्या वेळेक ही पेटी वाजवूची नाय. जिवंत माणूस होयो, बिगूल घेऊन. नसात तर गप जाळा माका."

सगळे हसले. मी हसलो नाही. सुभेदार हे वर्ष काढणार नाहीत असं डॉक्टर म्हणाला होता, आणि हा माणूस आयुष्यभर बिगुलावर उठला होता, जेवला होता, झोपला होता. त्यांचं एवढं एक मागणं आपल्या हातून पुरं झालं पाहिजे, असं मी तिथेच मनाशी ठरवलं.

मग सुरू झाला शोध. आधी आमच्याच लोकांना फुंकायला लावलं. कोणाचे गाल फुगले, कोणाची कवळी निसटली, आवाज मात्र म्हशीचा आला. डिचोली शाखेत एक जुना बिगूलवाला आहे असं कळलं म्हणून तिकडे गेलो. माणूस होता, पण पुढचे दात नव्हते, आणि दातांशिवाय बिगूल वाजत नाही हे मला त्या दिवशी समजलं. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात लग्नाच्या बँडवाल्याला गाठलं. तो म्हणाला, वाजवीन, पण वरातीच्या मोसमात तुमचा माणूस गेला तर जमणार नाही. मी त्याला चार शब्द सुनावले आणि बस पकडली.

मे महिन्यात हळर्णला एका बारशाला गेलो होतो. जेवण उरकून मोडक्या किल्ल्याच्या बाजूने येत असताना सूर ऐकू आला. गाणं नव्हे, नुसते लांब लांब सूर, एक संपला की दुसरा. ओठ तयार ठेवणारा माणूसच असे सूर काढतो. झाडोऱ्यातून आत घुसलो, तर पडक्या भिंतीवर पन्नाशीचा एक गृहस्थ बसलेला, लुंगी, बनियन, आणि हातात पोचे पडलेला जुना बिगूल. मला पाहताच त्याने तो कापडी पिशवीत घातला.

त्याचं नाव बाबली गावस. माडाचं भाटलं, म्हणजे छोटी बाग, होतं, दोन गाई होत्या, आणि बायको शेवंती, जिला तो आवाज घरात नको होता. तू कुठे शिकलास, कोणी शिकवलं, हा बिगूल कुठला, असं मी एका दमात विचारलं. तो पिशवी उचलून उठायला लागला. मग मी सुभेदारांची गोष्ट सांगितली. ती त्याने नीट ऐकून घेतली.

"येतंय मी," तो म्हणाला. "पण खंय शिकलंय, कोणाकडे शिकलंय, ह्या कोणी इचारूचा नाय. इचारल्यात तर त्या दिसापासून बंद."

मी कबूल केलं. शाखेलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण तो आमचाच रिवाज होता. फक्त शांताराम कुरकुरला की फौजेचा पत्ता न सांगणाऱ्याच्या हातात आपला बिगूल द्यायचा कशाला. सुभेदारांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि विषय मिटला.

बाबली दर सभेला यायला लागला. मागच्या खुर्चीवर बसायचा, उंडा खायचा, बोलायचा नाही. शेवटच्या बिगुलाची चांगली कॅसेट मी बेळगावहून मागवली, ती ऐकून ऐकून त्याने सूर बसवले. पंधरा ऑगस्टला मामलेदार कचेरीसमोर त्याने बिगूल वाजवला तेव्हा सुभेदार खुर्चीवरून उठून उभे राहिले, एव्हाना खरं तर त्यांना आधाराशिवाय उठता येत नव्हतं. मला फार बरं वाटलं. काम झालं होतं, आता माझ्या पोटात फक्त प्रश्न उरला होता.

त्या दिवशी एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेत भरली. झेंड्याला बाबलीने सलाम ठोकला तो कडक, पण पंजा जमिनीकडे. आम्ही पायदळवाले पंजा समोर दाखवतो. पंजा जमिनीकडे ठेवतात ते आपले नौदलवाले. झालं, त्याच संध्याकाळी चहावर निकाल लागला की बाबली आरमारातला, आणि तिथून काहीतरी भानगड होऊन घरी आलेला, म्हणून बोलत नाही. ज्यांची उभी हयात सलाम मारण्यात गेली, त्यांना सलामावरून माणूस ओळखण्याची फार खात्री असते. मलाही होती.

विचारायचं तर नव्हतं. म्हणून मी आडून आडून बोलायचो. विशाखापट्टणमची हवा कशी दमट असते, कोचीची मासळी कशी असते. बाबली मान डोलवायचा. एकदा फेरीबोटीने तेरेखोलची खाडी ओलांडून आम्ही पलीकडे एका कार्यक्रमाला जात होतो. फेरी ती केवढीशी, खाडी ती केवढीशी, पण बाबली कठडा धरून डोळे मिटून उभा. पाण्यावर गेलं की त्याला मळमळायचं म्हणे. असला कसला हा आरमारवाला, या विचाराने मला जेवण गोड लागेना.

उत्तर मिळालं डिसेंबरच्या सभेत. एकोणीस डिसेंबर हा आमचा मुक्तिदिन. एकसष्ट साली त्या तारखेला पोर्तुगीज गेले आणि गोवा सुटला. दरवर्षी कचेरीसमोर मोठा कार्यक्रम होतो, तेव्हा यंदा बिगूल असणारच असं मी गृहीत धरून बोललो. बाबली पहिल्यांदाच सभेत उभा राहिला.

"खंयचोय दीस सांगा, येतंय," तो म्हणाला. "ह्यो एक दीस सोडून."

पुन्हा खाली बसला. शांताराम फुरफुरला. घरी जाताना बसमध्ये मी खिडकीशी बसलो आणि डोक्यातली गाठ आपोआप सुटली. पंजा जमिनीकडे ठेवून सलाम करणारे फक्त नौदलवाले नव्हेत. मी लहान असताना आमच्या गावाजवळ पाकल्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, चौकी होती, आणि तिथले शिपाई असाच सलाम करायचे. त्यांच्यात गोरे होते तसे आपलेही होते, पोटासाठी गेलेले. एकसष्टला बाबली मिसरूड फुटलेला पोरगा असणार. त्या चौक्यांवर संध्याकाळी बिगूल वाजायचा. कोणीतरी तो वाजवत असणारच.

मी हे कोणाला सांगितलं नाही. शांतारामच्या थोरल्या भावाला गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पाकल्यांच्या पोलिसांनी असं झोडपलं होतं की तो मरेपर्यंत लंगडत होता. त्याला कळलं असतं तर त्याने बिगूल हिसकावून घेतला असता, आणि त्याला चूक म्हणायची माझी छाती नव्हती. खरं सांगायचं तर माझं मलाच कळत नव्हतं की मला राग आला आहे की कीव. एवढं कळत होतं की सुभेदारांना घाई आहे.

सुभेदारांनी वेळही अशी साधली की काय सांगावं. अठराच्या दुपारी ते गेले. मुलगा दुबईहून सकाळी पोचणार होता, म्हणजे अग्नी एकोणीसलाच.

सकाळच्या पहिल्या बसने मी हळर्ण गाठलं. बाबली गोठ्यात होता. शेवंतीने मला पाट दिला आणि ती आत गेली, दाराआडून ऐकत राहिली असणार, मी असतो तर तेच केलं असतं. मी म्हटलं, सुभेदार गेले. त्याने हातातला गवताचा भारा खाली ठेवला.

"आज तारीख खंयची ती म्हायत असा मां तुमका?"

"असा."

"मगे मी आज कित्या येणंय नाय, ता इचारणत नाय?"

जन्मभर ज्याची भूक लागलेली असते तेच ताट समोर आलं होतं. ओठावर आलेला प्रश्न मी गिळला. तो गिळताना किती जड गेला ते माझं मला माहीत.

"नाय," मी म्हटलं.

बाबलीने हाताला चिकटलेलं गवत झटकलं. मग हात धुवायला गेला. "कपडे बदलून येतंय," म्हणाला, "तुमी चाय घेवा."

स्मशानात गर्दी मावत नव्हती. कचेरीसमोरचा कार्यक्रम आटोपून पुढारीही आले होते. आम्ही रांगेत उभे राहिलो, सलामीचा हुकूम झाला, आणि बाबलीने शाखेच्या बिगुलावर शेवटचे सूर वाजवले. एकही सूर हलला नाही. सुभेदारांना हवं होतं तसंच झालं, जिवंत माणूस, जिवंत श्वास. माझे डोळे वाहायला लागले आणि सलामीत असल्यामुळे पुसताही येईनात.

हात खाली घ्यायचा हुकूम व्हायच्या आत बाबलीने चकचकीत बिगूल बगलेत धरला, आणि कापडी पिशवीतून पोचे पडलेला काढून ओठाला लावला.

ते सूर मी तीस-पस्तीस वर्षांत ऐकले नव्हते, पण पहिल्याच सुराला अंगावर काटा आला. तिन्हीसांजेला चौकीवरून यायचे ते. तो आवाज ऐकला की आम्ही पोरं खेळ मोडायचो, माळावरची गुरं वळायची, आई दिवा लावायची. रांगेत पेडण्याचे जेवढे होते तेवढ्या सगळ्यांनी ओळखलं, मला त्यांच्या माना ताठ झालेल्या दिसल्या. मी शांतारामकडे पाहिलं. त्याचा जबडा आवळला होता. त्याचा हात आता खाली येणार आणि हा पुढे जाऊन बाबलीची गचांडी धरणार, असं मला वाटलं. पण सूर संपेपर्यंत तो हात कपाळावरून हलला नाही.

सगळं आटोपल्यावर सुभेदारांच्या पत्नी सुमंगलावहिनी माझ्याजवळ आल्या. त्यांचं माहेर हद्दीपलीकडे बांद्याला, त्यांनी तो आवाज कधी ऐकलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "दुसरा काय वाजवल्यान ता?"

बाबली चार पावलांवर उभा होता. पिशवीचं तोंड बांधता बांधता थांबला होता.

"घराक जावचो तो, वयनी," मी म्हटलं. "आमच्या लहानपणी रोज तिन्हीसांजेक वाजायचो. वाजलो काय गुरां आपलीच घराक वळत."

वहिनींनी चितेकडे पाहिलं. "मगे बरोबर वाजवल्यान," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बाबलीला हळर्णला सोडायला शांतारामने जीप काढली. वाटेत दोघं काय बोलले हे मी शांतारामला नंतर आडून विचारून पाहिलं. तो म्हणाला, रस्ता खराब आहे.

जानेवारीची सभा दुसऱ्या रविवारी भरली. अध्यक्षांची खुर्ची रिकामी होती. बाबली मागे जाऊन बसायला लागला तेव्हा शांतारामने त्याच्यासाठी माझ्या शेजारी खुर्ची उघडून ठेवली, तीही धाडकन, कारण त्याला हळू काही करता येत नाही. तेव्हापासून बाबली तिथेच बसतो. एकसष्टच्या त्या पहाटे, भारतीय फौज हद्द ओलांडून येताना, त्या पोराने चौकीवर इशाऱ्याचा बिगूल वाजवला होता की नव्हता, हे मला मरण्याआधी कळायला हवं आहे. सबंध तालुक्यात ते एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो दर महिन्याला हाताच्या अंतरावर बसलेला असतो. मी त्याच्याकडे वळतो, आणि चहा विचारतो.