सहावं पिल्लू

आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी तिच्या गळ्यात सोन्याची डुकरीण घातली. तळहाताएवढी, गुटगुटीत, आणि पोटाला ओळीनं लुचणारी पाच पिल्लं. पोरीला डुकरिणीसारखी भरभरून मुलं होवोत, एवढाच त्याचा अर्थ. डुकरिणीनं काम चोख बजावलं, मोजून पाच झाली. मग चांगली सात वर्षं गेली आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना सहावी झाली. ती मान-क्वान.

घरात प्रत्येक पिल्लाला मालक होता. डावीकडून पहिलं शिउ-फाईदादाचं, दुसरं लाई-पिंगताईचं, असं शेवटपर्यंत. नववर्षाला आई डुकरीण पुसायला घेऊन बसली की पाचही जण आपापल्या पिल्लावर बोट ठेवायचे आणि मान-क्वान विचारायची, "माझं कुठाय?"

"तू फुकट आलीस," ताई सांगायची. "भाजीवाली वर दोन काड्या कांद्याची पात टाकते ना, तशी."

सगळे खो खो हसायचे. पुढे पुढे मान-क्वान स्वतःच आधी म्हणायला लागली, "मी आपली पात." आता ती सेहेचाळीस वर्षांची होती, शहरातल्या शाम शुई पो वस्तीच्या गल्ल्यांतून हिरवी मिनीबस हाकायची, आणि सुट्टे नसलेल्या भल्याभल्या सूटवाल्यांना पायरीवरूनच परत पाठवायची. लग्न केलं नव्हतं, आईजवळच राहत होती.

एका रविवारी चहाच्या हॉटेलात, कोळंबीच्या मोदकांची टोपली मधोमध असताना आई म्हणाली, "डुकरीण मोडायची. सहासष्ट वर्षं लॉकरमध्ये लोळतेय मेली. रोज अंगावर घालता येईल असं काहीतरी करून घ्या. मंगळवारी लो मास्तरकडे जमायचं."

चौऱ्याऐंशी वर्षांची बाई आपणहून सोनं वाटायला काढते, याचा एकच अर्थ आपल्याकडे लावतात. त्याच संध्याकाळी दादा ताकदीसाठी काळ्या कोंबडीचं सूप घेऊन हजर. सोमवारी ताई दुसरं सूप घेऊन आली, आणि पहिलं कुणी दिलं म्हणून तिनं नाक मुरडलं. व्हँकुव्हरच्या भावाचे दिवसात तीन फोन. "खरं सांग, डॉक्टर काय म्हणाले?"

"मला काय धाड भरलीय?" आई फोनवर ओरडली. "डुक्कर मोडतेय मी, प्राण नाही सोडत! आणि ती सुपं थांबवा, फ्रिजचं दार लागत नाहीये."

सोनार लो मास्तरचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक भट्टी, एक दिवा आणि मास्तर. आई स्टुलावर बसली, बाकीचे उभे. आपलं सोनं वितळताना आपण समोर बसायचं, अगदी सख्ख्या भावाचं दुकान असलं तरी, हे आईनं सगळ्यांना लहानपणापासून शिकवलेलं.

मास्तरनं बारीक करवतीनं पाचही पिल्लं सोडवली. दादाला गळ्यात पिल्लू घालायची लाज, म्हणून त्याचं अंगठीवर बसणार होतं. ताईचं लाल दोऱ्यात, मनगटाला. परदेशातल्या तिघांची ज्याच्या त्याच्या पुडीत गेली. टेबलावर राहिली नुसती डुकरीण.

"ही काय, घरातच राहणार," ताई छताकडे बघत म्हणाली. "जवळ राहणाऱ्यांची मजा असते बाबा. पाचही पिल्लांपेक्षा जड आहे."

"मला नको गं ताई," मान-क्वान म्हणाली. "गियर टाकताना गळ्यात डुकरीण हिंदकळली तर लोक चालत्या बसमधून उड्या मारतील."

मास्तरसुद्धा हसला. मान-क्वानला मात्र एकदम रडू आल्यासारखं झालं आणि स्वतःचा रागच आला. डुकरीण तिला खरंच नको होती. तिला पिल्लू हवं होतं. नखाएवढं चाललं असतं. या वयात, एकोणीसजणांची बस चालवणाऱ्या बाईनं असल्या गोष्टीसाठी तोंड वेंगाडायचं म्हणजे काय!

"वहिनी, हिचं काय करू?" मास्तरनं विचारलं.

"वितळव. आधी एक पिल्लू कर. उरेल त्याची मला साधी बांगडी. भाजीला जाताना घालेन."

"आई, पिल्लं पाचच असतात," दादा समजुतीच्या सुरात म्हणाला. "आजोबांनी पाच मागितली होती."

"आजोबांनी मागितली होती ना? मला विचारलं होतं कुणी?" आई त्याच्याकडे वळली. "अठरा वर्षांची होते मी. गळ्यात डुक्कर अडकवलं, पाच म्हणाले, झाली पाच. तुम्हाला जीव लावला, त्यात कसर केली नाही. पण ही मी मागितली. तुझे बाबा नको नको म्हणत होते, सासू बोलायची बंद झाली. सगळ्यांशी भांडून एवढी एकच माझ्या मनानं आणली मी."

दादानं भावंडांच्या पुड्या खिशात घातल्या, बाहेर काढल्या, परत घातल्या.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मान-क्वानचा आवाज भलताच बारीक निघाला.

"तू विचारायचीस, माझं कुठाय. सगळे हसायचे, तूही हसायचीस." आई तिच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, तुला गंमत वाटते."

मास्तरनं भट्टी पेटवली. डुकरिणीचे आधी कान गेले, मग नाकाड, मग सगळीच एक गोल थेंब होऊन थरथरत राहिली. आईनं पापणी हलवली नाही. मान-क्वान तिच्या खांद्याला धरून उभी होती आणि नाक वर ओढत होती.

पिल्लाचा साचा मास्तरकडे नव्हता, त्यानं हातानंच घडवलं. दोन दिवसांनी ते लाल दोऱ्यात ओवून मान-क्वानच्या गळ्यात आलं.

"हा कुत्रा आहे," ताई म्हणाली. "आणि आमच्यापेक्षा जाड आहे!"

"आहेच," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मागच्या सीटवरच्या एका आजीबाईंनी पुढे वाकून विचारलं, "ड्रायव्हर, गळ्यात कुत्रा का गं बांधलायस?"

"कुत्रा नाही आजी, डुकराचं पिल्लू आहे. सहावं," मान-क्वान म्हणाली, आणि पहिल्या पाचांपासून सांगायला लागली. आजींचा स्टॉप मागे गेला, पाठोपाठ आणखी तिघांचे गेले, सगळी बस ओरडायला लागली, तरी तिचं सांगणं चालूच होतं.