रसायनाले सर नाहीत

अनुपमा मॅडम विज्ञान विभागप्रमुख झाल्या तेव्हा घरी पेढे वाटले होते. आता विचाराल तर त्या सांगतील, विभागप्रमुख म्हणजे विभागात मागे उरलेलं माणूस. रसायनाचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा अजून रिकामीच. वेळापत्रक लावायचं बाईंनी, प्रयोगशाळेची किल्ली सांभाळायची बाईंनी, अन् मे महिन्याच्या उन्हात गावोगाव फिरून अकरावी सायन्सला पोरं गोळा करायची तीही बाईंनीच. पोरं तरी कसली! नाव इथं, शिकायला खामगावच्या क्लासला. हजेरीत वर्ग भरगच्च आणि बाकांवर धूळ.

रोज येणारी एकटी काजल. पिंपळगाव राजाहून एसटीनं यायची. तिला नर्स व्हायचं होतं आणि बापाला क्लास झेपत नव्हता. त्याच्या अंगणात बसून बाईंनीच शब्द दिला होता, "दादा, पोरीला पाठवा. रसायनासकट सगळं शिकवून घेते." मेलं ते रसायनच अडलं होतं.

अशात शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार असं कळलं. रिवाजाप्रमाणे नववी-दहावीची पोरं अकरावीच्या बाकांवर आणून बसवली. प्राचार्य पंजाबराव सरांनी बाईंना बाजूला घेतलं.

"बाई, साह्यबानं त्या काजलले विचारलं अन् थे खरं बोलली, तं तुकडीच जाईन. समजावून ठेवा तिले."

बाईंना मनातून किळस आली. पण त्यांनी हिशेब केला, आधी तुकडी वाचू दे, मग चहाच्या वेळी साहेबांकडं रसायनाचा शिक्षक मागू. त्यांनी काजलला सांगितलं, "काही विचारलं तर सगळं छान चाललंय म्हण. आपल्याला सर आणायचेत ना?"

साहेबांनी नेमकं काजललाच उभं केलं. रसायनाचे प्रयोग होतात का?

"होतात सर. मॅडम करून घेतात."

सल्फ्युरिक ॲसिड कसं बनवतात? पोरीनं गाईड तोंडपाठ केलेलं. घडाघडा सांगून मोकळी झाली. साहेब खूश झाले. बाईंना तिचं कौतुक वाटलं.

चहा आला तसा बाईंनी विषय काढला. साहेब हसले.

"मॅडम, शिक्षक नसताना तुमची पोरं इतकं सांगतात, मग तुम्हाला कशाला हवा? द्यायला माझ्याकडं एकच माणूस आहे. जिथं खरंच अडलंय तिथं पाठवतो."

खरं सांगावं तर तुकडी जाते, काजलचं शिक्षणच जातं. बाईंनी तोंड उघडलं. पंजाबराव सरांनी लगबगीनं बिस्किटांची बशी पुढं सरकवली. बाईंनी एक बिस्किट उचललं आणि चावत बसल्या.

साहेबांची गाडी गेली. काजल व्हरांड्यात वाट पाहत उभी होती.

"मॅडम, सर कधी येतीन? मले त्यातलं काहीच समजलं नाही, नुसतं पाठ केलं. आता समजून घेईन."

या पोरीशी आणखी खोटं बोलवेना. "सर येणार नाहीत, काजल."

"काऊन? मी काही चुकली का?"

"नाही गं. तू काही चुकली नाहीस."

पोरीला ते पटलं नाही. ती अजिजीनं म्हणाली, "मॅडम, साह्यबाले अजून एकडाव बोलवा ना. मी याच्याहून चांगलं सांगीन."