श्री. बायना, देवगाव फाटा

मी एक जुना मांजरपाटाचा तुकडा आहे. लांबीला दोन हात, रुंदीला हातभर. माझ्या कडांना दाभणाची भोकं आहेत आणि अंगावर लाखेचे पाच तांबूस डाग आहेत. मित्रांनो, आज मला पाहाल तर भाकरी बांधायचं फडकं समजाल. पण एकेकाळी माझ्या अंगावर एक नाव होतं, आणि त्या नावाचं माणूस शोधत मी फार लांबचा प्रवास केला.

माझा जन्म सेलूच्या शिवारातल्या काळ्या रानात झाला. तेव्हा मी कापूस होतो. त्या दिवसांचं मला नीट असं काही आठवत नाही. स्वप्नात आठवावं तसं आठवतं: खूप उजेड, खूप पांढरं, आणि वेचणाऱ्या बायकांचं हळू आवाजातलं बोलणं. मग जिनिंगचा कारखाना आला. तिथं इतका आवाज होता, की माझ्यातून सरकी निघून गेली तेव्हा ती काय म्हणाली तेही मला ऐकू आलं नाही. पुढं कापसाची गासडी, रेल्वे, दूरची गिरणी. एके दिवशी मी डोळे उघडले तर मी कापड झालो होतो आणि मुंबईच्या एका दुकानाच्या कोठारात घडी होऊन पडलो होतो.

त्या दुकानातून सामान टपालानं गावोगाव जात असे. मासिकात जाहिरात यायची, लोक कुपन भरून पैसे पाठवायचे आणि घरी वाट पाहायचे. एका सकाळी कात्रीनं मला कापलं, एका खोक्याभोवती गुंडाळलं आणि दाभणानं शिवून टाकलं. सांध्यांवर लाखेचे शिक्के बसले. मग एका कारकुनानं जांभळी पेन्सिल जिभेला लावून माझ्यावर लिहिलं: श्री. बायना, देवगाव फाटा.

माझ्या पोटात काय आहे ते मला माहीत नव्हतं. पण अंगावर नाव आलं याचाच मला फार आनंद झाला. आजवर मला कोणी कशानंच हाक मारली नव्हती. मला वाटलं, बायना म्हणजे मीच.

खरी बायना कोण, ते मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आताच सांगतो, म्हणजे तुमचा माझ्यासारखा गोंधळ होणार नाही.

बायना ही सेलूच्या दिनकररावांची मुलगी. दिनकररावांनी तीस वर्षं जिनिंगमध्ये मशीनवर काम केलं, आणि त्या घरघरीनं हळूहळू त्यांचे कान गेले. बायना सातवीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन देवगाव फाट्याजवळच्या एका शेतकरी घरात आली. लग्नात नवऱ्यानं, सूर्यभाननं, तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं: नर्मदा. तेव्हापासून ती घरात, गल्लीत, रेशनकार्डावर, सगळीकडे नर्मदाबाई झाली. जुनं नाव फक्त माहेरी उरलं.

त्या वर्षी ती पंचमीला माहेरी गेली होती. तिनं वडिलांना चार वेळा विचारलं, आबा, जेवलात का? ते हसून "हो हो, पाऊस बरा हाय," म्हणाले. लोकांत बसायचंही त्यांनी सोडलं होतं. परत आल्यावर तिनं मासिकात कानाच्या मशीनची जाहिरात पाहिली. घरात हसतील म्हणून कोणाला न सांगता, वेचणीचे साठवलेले पैसे घालून तिनं कुपन भरलं. लग्नानंतर बारा वर्षांत तिनं कुठंही आपलं नाव लिहिलं नव्हतं. हातात पेन आलं आणि हातानं शाळेतलं नाव लिहिलं. अक्षरं शाळेतल्यासारखी मोठी, गोल. कुपनावरची जागा दोन बोटांची. 'बायना' एवढंच मावलं.

कुपनाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं की परत आलेला माल पुन्हा पाठवला जाणार नाही. तेही तिनं वाचलं होतं. माल परत कशाला येईल, असं तिला वाटलं.

माझा प्रवास सुरू झाला. कारकुनानं तालुका लिहिला नव्हता, आणि देवगाव नावाची गावं आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच असेल. मी आधी एका देवगावला गेलो, मग दुसऱ्या. दोन्हीकडे फाटा नव्हता. एका मोठ्या स्टेशनवर पोत्यांच्या खाली दबून मी किती दिवस होतो, कोण जाणे. वर सतरंज्यांचा गठ्ठा होता, खाली औषधाच्या बाटल्या. बाटल्या झोपेत किणकिणायच्या. मीही झोपायचो, आणि स्वप्नात एक दार उघडायचं, दारातून कोणी म्हणायचं, "बायना, आलास का?" मग कोणीतरी माझ्यावर लाल शाईनं 'ता. सेलू' असं लिहिलं. तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघाले, चार दिवस एसटी बंद राहिल्या. मी सेलूला पोचलो तेव्हा दिवाळी उलटून गेली होती.

लिंबाजी पोस्टमननं मला पिशवीत घातलं आणि देवगाव फाट्यावर सांबप्पांच्या हॉटेलात आणलं. त्या बाजूचं टपाल तिथंच वाटलं जायचं. बाकावर चारपाच जण चहा पीत बसले होते. त्यांत सूर्यभानही होता.

"बायना कोण हाय हो इथं?" लिंबाजीनं विचारलं. "श्री लिवलंय, पण नाव तर बाईचं वाटायलंय."

"बायना?" सांबप्पा किटली धरून थांबले. "माझ्या हॉटेलात समदा मुलूख चहा पिऊन जातो. बायना न्हाई बघितला."

"सूर्यभान भाऊ, तुमच्या गल्लीत?"

सूर्यभाननं मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "आमच्याकडं बायना कोणी न्हाई बा. एखाद्याच्या म्हशीचं नाव असंल."

"म्हशीला पार्सल?" सांबप्पा म्हणाले. "लयच शिकलेली म्हैस दिसती."

सगळे हसले. सूर्यभान सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्यानं मुद्दाम काही केलं नाही, मित्रांनो. ते नाव त्यानं सोयरीक ठरताना एकदा ऐकलं होतं आणि नंतर कधी लागलंच नव्हतं.

लिंबाजीनं माझ्यावर शेरा लिहिला: 'सूर्यभान यांना विचारले. अशी व्यक्ती गावात नाही.' मी ते शब्द अंगावर घेऊन परत सेलूला आलो. बायना म्हणजे मी, आणि बायना नावाचं कोणी नाहीच. मग मी कोण? पोस्टाच्या फळीवर पडून मी हाच विचार करत होतो. खिडकीतून ऊन यायचं, माझ्यावरून सरकत जायचं आणि भिंतीवर चढून नाहीसं व्हायचं. तिथं न घेतलेलं पार्सल सात दिवस ठेवायचे आणि मग परत पाठवायचे.

इकडं देवगावला बायना रोज नवऱ्याला विचारायची, "पोष्टात माझं काही आलं का?"

तो म्हणायचा, "तुझं काय येणार?"

सहाव्या दिवशी तिनं बांधावरून जाणाऱ्या लिंबाजीलाच थांबवलं.

"भाऊ, मुंबईवरून एक पार्सल यायचंय. कानाचं मशीन."

"नर्मदाबाईच्या नावचं काहीच न्हाई, वैनी."

"नर्मदा न्हाई. बायना."

लिंबाजी सायकलवरून खालीच उतरला. "तुमी बायना? अवो, मालकानंच तुमच्या सांगितलं, अशी कोणी न्हाई म्हणून! उद्या दुपारच्या गाडीनं ते परत जायलाय."

त्या संध्याकाळी घरात काय झालं ते मी पाहिलं नाही. तिनं पुढं आपल्या वडिलांजवळ सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. ती म्हणाली, "बायनाचं पार्सल आलं होतं म्हणं हॉटेलात." सूर्यभाननं हातातली भाकरी तशीच ताटात ठेवली. मग म्हणाला, "पहिल्या गाडीनं जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पोस्टात आले. पोस्टमास्तर भगवानराव नियमाचे होते, पण मनानं वाईट नव्हते.

"रेशनकार्ड आणलंत?"

"आणलंय. पर त्याच्यावर नर्मदा हाय."

"मग बाई, बायना तुम्हीच, हे मी कशावरून धरू?"

सूर्यभान पुढं झाला. "साहेब, मी हिचा मालक. मी सांगतो ना."

भगवानरावांनी मला फळीवरून काढलं आणि चष्मा वर करून माझ्यावरचा शेरा वाचून दाखवला. "सूर्यभान म्हणजे आपणच का?"

तो खाली पाहू लागला. कोपऱ्यात लिंबाजी टपाल लावत होता, त्यानं खोकून घेतलं.

"बाराला थैली बंद होते," भगवानराव म्हणाले. "तोवर हिला या नावानं ओळखणारं कोणी आणा. मी देतो."

बाराच्या आत गाठता येईल असा, त्या नावानं ओळखणारा माणूस एकच होता: सेलूतच राहणारे तिचे वडील. सूर्यभान धावत गेला आणि सासऱ्यांना घेऊन आला. धुवट सदरा, हातात छत्री, चेहऱ्यावर न ऐकू येणाऱ्या माणसांचं ते सावध हसू. मी त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाच्याच हातून मी कधी मशीनमध्ये गेलो असेन का? माझ्या पांढरेपणासाठी झालेल्या त्या घरघरीनं यांचे कान नेले असतील का? कापडाला शहारा येत नाही म्हणतात. पण माझा धागा न् धागा आकसला.

"बाबा, ही तुमची कोण?" भगवानरावांनी मोठ्यानं विचारलं.

"हो हो," दिनकरराव म्हणाले.

"हिचं नाव काय?"

"बरं हाय सगळं."

घड्याळात पावणेबारा झाले होते. थैली बांधायची दोरी टेबलावर आली. भगवानराव हळहळले. "नुसतं 'हो हो' म्हणून कसं चालेल हो?"

तेव्हा तिनं मला उचललं आणि वडिलांसमोर धरलं. दिनकरराव वाकले. पावसानं आणि हातांनी माझ्यावरची अक्षरं फिकट झाली होती. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवलं.

"बा. य. ना." बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. सगळं पोस्ट थांबलं. त्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं. "हे तुझं नाव कुणी लिवलं गं, पोरी? अन् हे श्री कशाला?"

भगवानरावांनी दोरी बाजूला सारली आणि वही तिच्यापुढं केली. "इथं सही करा."

तिनं सावकाश, मोठ्या गोल अक्षरांत सही केली. माझ्या लक्षात आलं की बायना मी नव्हतो. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट, अंगावरचं ओझं उतरल्यासारखं मोकळं वाटलं.

पोस्टाच्या पायरीवर माझी शिवण उसवली गेली. माझ्या पोटातून एक छोटी डबी, एक वायर आणि कानात घालायचं बोंडूक निघालं. डबी खिशात ठेवायची, बोंडूक कानात. सगळं होतं, सेल मात्र नव्हता.

"इतक्या लांबून आलं अन् उपाशीच आलं व्हय," लिंबाजी म्हणाला.

सूर्यभान उन्हातच दुकान शोधत गेला आणि सेल घेऊन आला. तिनं डबी वडिलांच्या खिशात ठेवली, बोंडूक कानात बसवलं, चाक फिरवलं. शिट्टीसारखा आवाज आला आणि थांबला. दिनकरराव रस्त्याकडे तोंड करून स्वस्थ बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. ती वायर पुन्हापुन्हा चाचपत होती.

सूर्यभान मागं उभा होता. त्याच्या ओठांची हालचाल आधी मलाच दिसली, कारण मी त्याच्या हातात होतो. बारा वर्षांत त्यानं जे कधी म्हटलं नव्हतं ते तो म्हणाला. अगदी हळू, जपून.

"बायना."

बाप आणि लेक, दोघांनीही एकदम मागं वळून पाहिलं.

मित्रांनो, त्यानंतर मी बराच काळ उपयोगी पडलो. भाकरी बांधल्या, डाळ वाळवली. "कपडा लय टिकाऊ," असं सगळे म्हणायचे. पुढं नवी फडकी आली आणि मी खुंटीवर विसरला गेलो. मग एके दिवशी दिनकरराव गेले. त्यांची सगळी वस्त्रं वाटून झाली तेव्हा तिनं मला खुंटीवरून काढलं, धुतलं, उन्हात वाळवलं आणि ते मशीन माझ्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. माझ्यावरचं नाव त्या धुण्यात निघून गेलं. त्याचं मला काही वाटत नाही. ते जिचं होतं तिच्याकडे पोचलं आहे. मशीनही आता बोलत नाही. आम्ही दोघं अंधारात शेजारी असतो आणि मी कधी कधी त्याला पांढऱ्या रानाचं स्वप्न सांगतो.

मला कोणी सांभाळून ठेवलं म्हणून मी तुमच्याशी बोलू शकलो. तुमच्या घरातल्या जुन्या फडक्यालाही एकदा धुऊन घडी घाला, एवढं माझं मागणं आहे. आणि आणखी एक. आज घरी गेलात की आईला तिचं लग्नाआधीचं नाव विचारा. आजीलाही विचारा. मग ती कामात असताना, पाठमोरी असताना, हळूच त्या नावानं हाक मारा. तिचा चेहरा कसा झाला ते मला येऊन सांगायची गरज नाही. मी तो एकदा पाहिला आहे.