थांबायची जागा

हृषिकेशने हेडफोन आईच्या कानांवर बसवले, त्यात अडकलेले तिचे पांढरे केस सोडवून मागे सारले आणि लॅपटॉपचं बटण दाबलं.

"ऐक आता. चाळीस वर्षांची धूळ झटकलीय."

शुभाताईंनी डोळे मिटले. आधी खुळखुळा आला, सुक्या फळांच्या कवचांचा. मग त्याच्याखालून तो दुसरा आवाज, माणूस गुणगुणतोय की भुंगा, ते न कळणारा. रिसिमातीच वाजवत होता. मापुटोच्या रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या पायऱ्या, पायांना लागणारं गार सिमेंट, काजूच्या झाडाची सावली, सगळं एकदम जवळ आलं. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. सूर एकदा फिरून आला. दुसऱ्यांदा फिरून आला. तिसऱ्या फेरीत खुळखुळा जोरात हलला, आणि आता ते येणार म्हणून शुभाताई पुढे झुकल्या.

सूर पुढे निघून गेला.

धून संपली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"काय, कसं वाटलं?"

"छान. स्वच्छ आहे."

"स्वच्छ म्हणजे काय! कावळे काढले, कुकरची शिट्टी काढली, ती तुझीच असणार. शेजारचा रेडिओ काढला. एका जागी कुणाचं तरी पोर खिदळत होतं, ते काढलं. मग तिथे नुसतीच पोकळी राहिली, ती पण मिटवून टाकली. सांधा सापडला का, सांग."

"नाही बाई. कुठे सापडतोय."

हृषिकेश समाधानाने हसला. त्याची नोकरीच ती होती. जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात तो गाड्यांच्या आतला आवाज कमी करायचा. कुठे काय घरघरतं, कुठे काय कुरकुरतं ते शोधून एकेक नाहीसं करायचं. ह्या कामाची त्याला इतकी सवय झाली होती की घरात फ्रिज जरा गुरगुरला तरी तो जेवता जेवता उठायचा.

"आणि ती कॅसेट?" शुभाताईंनी हेडफोन उतरवून हळूच विचारलं.

"ती गेली गं. कॉपी करून घेतली आणि रिवाइंडला पट्टीचा अक्षरशः भुगा झाला. पहिली कॉपी आहे लॅपटॉपवर, कावळ्यांसकट. शनिवारी संग्रहालयाला ही दिली की ती उडवीन. त्यांना एकच हवीय."

"बरं," शुभाताई म्हणाल्या.

बॉबलिंगेनमधला रविवार होता. इथे रविवारी कुणी भिंतीत खिळा ठोकत नाही, बाटल्यासुद्धा कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही. सुरुवातीला शुभाताईंना ही शांतता आवडली होती. आता तिची भीती वाटायची. दुपारी सगळी इमारत गप्प झाली, की जिन्याच्या बाजूने कुणीतरी हसू दाबल्यासारखं वाटायचं. त्या दार उघडून पाहायच्या. पायऱ्या धुतलेल्या असायच्या, रिकाम्या. एकदा ऊर्मिलाने, त्यांच्या सुनेने, विचारलंही होतं, "कोण आलंय, आई?" तेव्हा त्या "कुणी नाही गं, वारा" म्हणाल्या होत्या. बंद जिन्यात वारा कुठला!

शमिका चार वर्षांची होती.

शुभाताईंचे पती श्रीपादराव भारतीय रेल्वेतून आफ्रिकेत मापुटोला डेप्युटेशनवर गेले, तेव्हा त्यांची ही लेक अजून कडेवर होती. रिसिमाती त्यांच्याच हाताखाली सिग्नलच्या तारांवर काम करायचा. संध्याकाळी क्वार्टर्सच्या मागच्या पायरीवर येऊन बसायचा आणि पिशवीतून आपलं शिझांबी काढायचा. खाचा पाडलेली एक वाकवलेली काठी, तिला ताणून बांधलेली ताडाच्या पानाची पट्टी. पट्टी ओठांपाशी धरायची आणि खुळखुळा लावलेल्या दुसऱ्या काठीने खाचांवर घासायचं. बस, एवढंच वाद्य. पण त्यातून तो असा आवाज काढायचा, की पोळ्या लाटता लाटता शुभाताईंचा हात थांबायचा. तिसऱ्या फेरीला खुळखुळा जोरात हलला, की शमिका हमखास खिदळायची. रिसिमाती काठी तशीच अधांतरी धरून, तोंड गंभीर ठेवून तिच्याकडे बघत राहायचा. तिचं हसणं पुरतं संपलं, की पुढे. एका संध्याकाळी श्रीपादरावांनी टू-इन-वन पायरीवर ठेवून हे सगळं कॅसेटवर घेतलं.

त्याच पावसाळ्यात तिला ताप आला, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. समुद्राजवळ, सुरूच्या झाडांखाली तिला ठेवून ते दोघं पुण्याला परतले. रिसिमाती त्या दिवशी आला होता. पायरीवर बसून होता. त्याने पिशवी उघडली नाही.

पुण्याच्या घरात पाऊल ठेवताना श्रीपादराव एवढंच म्हणाले, "आता मागचं काढायचं नाही." शब्दाचे पक्के होते ते. मरेपर्यंत त्यांनी ते नाव घेतलं नाही, आणि शुभाताईंनाही घेता आलं नाही. हृषिकेश नंतरचा. शाळेत असताना मावशीकडून त्याला कळलं, की आपल्याला एक बहीण होती. जेवताना त्याने विचारलं, तर वडील हात धुऊन बाहेर निघून गेले. पुन्हा त्याने विचारलं नाही.

कॅसेट बिस्किटांच्या डब्यात राहिली. शुभाताईंनी ती कधी लावली नाही, पण प्रत्येक आवराआवरीत तिला हात लावून पाहिला. श्रीपादराव गेल्यावर हृषिकेशला तो डबा सापडला, कॅसेटवर लिहिलेलं रिसिमातीचं नाव त्याने इंटरनेटवर शोधलं आणि ओरडतच स्वयंपाकघरात आला. हा तर जगप्रसिद्ध माणूस होता! युद्ध पेटल्यावर रानातून चालत सीमा ओलांडून दक्षिण आफ्रिकेत गेलेला, तिथल्या रेडिओने घराघरात पोचवलेला, त्सोंगा लोकांचा मोठा कलावंत. बर्लिनपासून पॅरिसपर्यंत वाजवून आलेला, विद्यापीठाने डॉक्टरेट दिलेला. गेल्याच वर्षी वारला होता. हृषिकेशने एक जुना व्हिडिओ दाखवला, तेव्हा शुभाताईंनी त्याला हातांवरून ओळखलं. म्हातारा झाला होता. वाजवता वाजवता मध्येच थांबायचा. त्यांना वाटलं, दम लागत असेल.

शहरातल्या संग्रहालयात त्याच्या आठवणीचा कार्यक्रम होणार होता. इतकं जुनं ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे नव्हतं. हृषिकेशने कॅसेट मागितली आणि शुभाताईंनी लगेच दिली. आपण होऊन ती लावायचं धाडस त्यांच्यात कधीच नव्हतं. पण दुसऱ्या कुणी लावली, तर आपण फक्त तिथे बसायचं होतं.

शनिवारी दुपारी ते दोघं पुढे निघाले. ऊर्मिला आणि नात निधी संध्याकाळी ट्रेनने येणार होत्या. विजेवरची गाडी रस्त्यावरून आवाज न करता सरकत होती.

"गंमत सांगू, आई? इंजिनाचा आवाज गेला ना, आता गिऱ्हाइकं जास्त तक्रार करतात. म्हणतात, आता बाकीचं सगळंच ऐकू यायला लागलं."

शुभाताई खिडकीबाहेर बघत होत्या. "हो ना," त्या म्हणाल्या. "येतं."

तोंडाशी आलेलं त्यांनी तीनदा गिळलं. फाइल उडवू नकोस, एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग त्याने विचारलं असतं, का.

संग्रहालयाच्या एका लहान खोलीत फ्राउ लांग त्यांची वाट पाहत होत्या. कार्यक्रम त्यांनीच ठरवला होता. शेजारी जाड लोकरी कोट घातलेली एक उंच तरुणी उभी होती. त्साकानी, रिसिमातीची नात आणि शिष्या. तिच्या हातात प्लास्टिकचा झाकणाचा डबा होता, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानाची पट्टी.

"तुमच्या ह्या हीटिंगने पान कडकडीत वाळतं," ती इंग्रजीत म्हणाली. "वाळलं की मुकं होतं. बाळासारखं जपावं लागतं."

तिने शुभाताईंचा हात दोन्ही हातांत घेतला. हृषिकेशने फाइल लावली. खोलीतल्या स्पीकरमधून खुळखुळा घुमला, तशी त्साकानीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. ती गुडघ्यावर बोटांनी ठेका धरू लागली. पहिली फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला तिचा हात आपोआप वर उचलला गेला आणि हवेतच राहिला. सूर पुढे निघून गेला.

तिच्या कपाळावर आठी आली. "पुन्हा लावाल?"

पुन्हा लावलं. पुन्हा तिचा हात तिथेच थांबला.

"हे आजोबा नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे..." फ्राउ लांगनी हृषिकेशकडे पाहिलं.

हृषिकेशचे कान लाल झाले. "माझ्या वडिलांनी स्वतः रेकॉर्ड केलंय हे. आई तिथे होती."

"रागावू नका. हात त्यांच्यासारखाच आहे. पण ते इथे थांबतात. नेहमी थांबतात. मी दहा वर्षं शिकले त्यांच्याकडे. न थांबता पुढे गेलं, की हातातली काठी काढून घ्यायचे. आज तीन देशांत त्यांचे शिष्य आहेत. एकजण दाखवा, जो इथे थांबत नाही. हे दुसऱ्या कुणीतरी वाजवलंय. संध्याकाळी हे लावू नका."

"पट्टी ओली करायला थांबतात ना तिथे?" फ्राउ लांग म्हणाल्या. "आमच्या पुस्तिकेत छापलंय तसं."

त्साकानीला हसू आलं. "एका प्रोफेसरांनी फार छळलं, म्हणून त्यांना तसं सांगितलं आजोबांनी. आम्हाला निराळं सांगायचे."

"काय सांगायचे?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. शुभाताई आल्यापासून पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

"म्हणायचे, इथे थांब. तिचं होऊ दे, मग पुढे जा." त्साकानीने खांदे किंचित उडवले. "कोण ती, असं विचारलं की म्हणायचे, पायरीवरची. बस, एवढंच. आम्हाला वाटायचं, कुणी पूर्वज असेल. लहानपणी मी फार घाबरायचे त्या जागेला."

कोपऱ्यातला हीटर टिकटिक करत होता. हृषिकेश लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होता, जिथे आवाजाची रेघ एकसारखी, कुठेही न तुटता धावत होती.

"तिथे एक पोर हसत होतं," तो सावकाश म्हणाला. "मी काढलं ते."

मग त्याने आईकडे पाहिलं. शुभाताईंनी पर्सचा पट्टा मुठीत इतका आवळला होता, की बोटं पांढरी पडली होती.

"हृषी, ती कावळ्यांची फाइल. उडवलीस का रे?"

"नाही."

"लाव."

कावळे आले. कुकरची शिट्टी आली, कुठलासा पोर्तुगीज रेडिओ आला. त्या सगळ्यातून वाट काढत रिसिमातीचा सूर आला. एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. तिसऱ्यांदा खुळखुळा जोरात हलला आणि थांबला. ते हसू आलं. उंच, खळखळतं, मध्येच श्वास घ्यायला थबकून पुन्हा फुटणारं, आणि शेवटी एक उचकी. नंतर थोडा वेळ काहीच नव्हतं, फक्त कुणा पुरुषाचा श्वास, वाट बघणारा. मग खुळखुळा पुन्हा हलला.

त्साकानीने तोंडावर हात धरला होता.

हृषिकेशने धून थांबवली नाही. ती संपेपर्यंत तो पडद्याकडेच बघत राहिला. मग मान वर न करता त्याने मराठीत विचारलं,

"ताई आहे?"

आयुष्यात हा शब्द त्याने कुणाला उद्देशून वापरला नव्हता. शुभाताईंनी मान हलवली. तो बघत नव्हता हे ध्यानात आल्यावर त्या म्हणाल्या,

"हो. शमिका." जीभ अडखळली, पण नाव निघालं.

संध्याकाळी सभागृह बऱ्यापैकी भरलं. ऊर्मिला आणि आठ वर्षांची निधी धावतपळत पोचल्या. ट्रेनला उशीर झाला होता. ऊर्मिला "अहो आई, सॉरी हं" म्हणत पुढच्या रांगेत हृषिकेशशेजारी जाऊन बसली. निधी आजीला चिकटली. पलीकडची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर तिने आपलं लाल जाकीट टाकून दिलं.

फ्राउ लांगनी आधी ती जुनी फाइल लावली, कावळ्यांसकट. मग त्साकानी पुढे आली. डब्यातून ओली पट्टी काढून तिने काठीला बांधली, ओठांपाशी नेली. दिवे मंद झाले. तीच धून. शुभाताईंचे हात ह्या वेळी मांडीवर सैल पडलेले होते. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला खुळखुळा जोरात हलला, आणि त्साकानी थांबली. काठी अधांतरी, तोंड गंभीर, नजर मंचाच्या पायऱ्यांकडे.

पुढच्या रांगेत हृषिकेशने मान खाली घातली होती.

निधी आजीच्या कानाशी आली आणि जर्मनमध्ये कुजबुजली, "का थांबली ती? विसरली का?"

शुभाताईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"विसरली नाही गं. थांब जरा, तिचं होऊ दे."

निधीने मंचाकडे पाहिलं. मग आजीकडे. मग, कुणी काही न सांगता, तिने शेजारच्या खुर्चीवरचं आपलं जाकीट उचललं आणि मांडीवर घेतलं.